निघताना म्हणायचा शब्द

८ जानेवारी १९५२, मंगळवार. धार

पोचलो एकदाचा! धामनोदपर्यंत कापसाच्या ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून आलो. ट्रक प्रत्येक चढावर असा कण्हत होता की मला सारखं वाटे, थांबवावा आणि उतरून त्याचा गिअरबॉक्स उघडावा. धामनोदच्या ढाब्यावर डाळ-रोटी हाणली, वर आटवलेलं दूध प्यालो आणि धारच्या बसमध्ये जो झोपलो तो कंडक्टरनं हलवून उठवेपर्यंत.

सरदार बळवंतरावांची कोठी गावाबाहेर, मांडूकडे जाणाऱ्या नालछ्याच्या रस्त्याला आहे. नुकताच चुना दिलेली, नीटनेटकी, दारात शेवंती. पिढ्यान् पिढ्या घराणं माळव्यात, त्यामुळे घरची मराठी अर्धी माझ्या आजोबांच्या काळातली आणि अर्धी हिंदी. बळवंतराव गड्याला म्हणाले, "पाहुण्यांचं सामान वर नेऊन ठेव, आणि जरा जल्दी." स्वतःला ते 'आम्ही' म्हणतात. माणूस साधा आहे, पण 'आम्हाला सर्दी झाली आहे' असं एकटाच माणूस म्हणतो तेव्हा हसू आवरणं कठीण जातं.

काम सोपं आहे. मोटारखान्यात एक जुनी विलायती मोटार बारा वर्षं बंद उभी आहे. मुंबईचा एक शौकीन ती घ्यायला तयार आहे, पण इंजिन जिवंत आहे की मेलं, हे त्याला आधी कळायला हवं. म्हणून आमच्या कारखान्याच्या मालकांनी मला पाठवलं. इंजिन तपासायचं, चालू होत असेल तर चालू करून दाखवायचं आणि परतायचं.

परतायचं तर आहेच. बकुळेचे दिवस माघात भरतात. पहिली खेप, त्यात तिची प्रकृती तोळामासा. निघताना दाराशी उभी होती. मी म्हटलं, "येतो." ती म्हणाली, "नक्की?" म्हटलं, बाईसाहेब, माधव मिस्त्रीनं दुरुस्त केलेली मोटार आणि दिलेला शब्द वाटेत बंद पडत नाही. तेव्हा कुठे हसली. तिच्या त्या हसण्यावर इथवर आलो आहे.

९ जानेवारी, बुधवार

मोटार पाहिली आणि जेवायची शुद्ध राहिली नाही. लांबलचक, गडद तांबडी, पितळी दिव्यांची. घरात तिला 'तांबडी' म्हणतात, गाईला म्हणावं तसं. चाकं जमिनीला टेकू नयेत म्हणून लाकडी ठोकळ्यांवर चढवून ठेवली आहे. धूळ इतकी की बारशाचं नाव बोटानं लिहावं. बकुळेला मुलगी हवी आहे म्हणून एक नाव लिहिलंसुद्धा. लगेच पुसलं. आधीच सांगू नये.

बारा वर्षं बंद पडलेल्या इंजिनात काय सापडतं ते मला पाठ आहे. उंदरांची घरटी, चिकटून बसलेले पिस्टन, तळाशी डांबर झालेलं ऑइल. त्याच तयारीनं बॉनेट उघडलं, प्लग काढले, आणि सहज म्हणून हँडल लावून पाहिलं. एका हातानं फिरलं! रिकामं जातं फिरावं तसं. खालचा बोल्ट सोडला तर मधासारखं स्वच्छ ऑइल आलं. प्लगच्या टोकांवर भुरा रंग, रोज चालणाऱ्या मोटारीच्या प्लगवर असतो तसा.

म्हटलं, कुणीतरी गुपचूप फिरवतंय हिला. पण टाकीत पेट्रोलचा थेंब नाही, तळाशी राळ जमलेली. फत्तेसिंगला विचारलं. हा या मोटारीचा जुना ड्रायव्हर. मोटार बंद झाली तसा हाही बंद झाला, आता मोटारखान्याच्या ओट्यावर ऊन खात झोपलेला असतो. एक डोळा उघडून म्हणाला, "बिना पेट्रोल के कौन चलावे, भिया?" आणि डोळा मिटला.

दिवस कलताना बळवंतराव बघायला आले. जाताना त्यांनी तांबडीच्या दारावर हात ठेवला आणि म्हणाले, "जातो."

मी चपापलोच. आमच्याकडे निघताना 'जातो' कुणी म्हणत नाही. परत न येणारा जातो, आपण येतो. मी थट्टेनं म्हटलं, सरदार, हिंदीनं तुमची मराठी बिघडवली. त्यांना हसू आलं नाही. म्हणाले, या मोटारखान्यातून निघताना तसंच म्हणायची घरची पद्धत आहे, तुम्हीही म्हणत चला. का, ते सांगितलं नाही.

घरी पोटुशी बायको, आणि मी 'जातो' म्हणू? पद्धत तुमची तुमच्यापाशी. पुणेकराला दुसऱ्याची भाषा सुधारायची खाज असतेच, ती आज मीही भागवून घेतली. बाहेर पडताना तांबडीच्या मडगार्डवर थाप मारून मोठ्यानं, शुद्ध मराठीत म्हटलं, "येतो हं, तांबडे!"

वर माडीच्या खिडकीत बांगड्या वाजल्या.

१२ जानेवारी, शनिवार

मोटार बंद का पडली, ते आज बळवंतरावांनी सांगितलं. बंद पडली नाही, ठेवली. त्यांचे धाकटे भाऊ यशवंतराव पौषातल्या अवसेला, भर दुपारी, तांबडी घेऊन एकटेच मांडूकडे गेले. दारात बायकोला 'येतो' म्हणाले. तिसऱ्या प्रहरी मोटार दरीच्या काठावर सापडली, इंजिन चालू, दार उघडं. माणूस नाही. दरी धुंडाळली, काही मिळालं नाही. शेवटी बैल जुंपून मोटार घरी आणली.

माडीवरच्या बांगड्या त्यांच्या पत्नीच्या, जानकीबाईंच्या. हरवलेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघतात. मग दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया करायची आणि बायकोनं कुंकू पुसायचं. बारा वर्षं येत्या अवसेला भरतात. क्रियेसाठी कुळाचे गुरुजी आणायला बळवंतराव उद्या देवासला चालले आहेत. ते येतील त्या दिवशी पुतळा जळेल, मग तांबडी मुंबईला जाईल. मला वाईट वाटलं. एका बाईचं कुंकू आणि एक मोटार, दोन्ही एकाच दिवशी घरातून काढायची.

दुपारी बॉनेटवर हात ठेवला तर गरम. दारातून पत्र्यावर ऊन येतं, त्यानं तापलं असेल. पण सावलीच्या बाजूलाही तितकंच गरम होतं.

१४ जानेवारी, सोमवार. संक्रांत

जानकीबाईंनी तिळगूळ दिला. पहिल्यांदाच समोर आल्या. पस्तिशीच्या असतील. ठसठशीत कुंकू, काळी चंद्रकळा. दाराच्या चौकटीआडून त्यांनी विचारलं, मोटारखान्यातून निघताना आपण रोज 'येतो' म्हणता ना? मी ओशाळलो. म्हटलं, घरची पद्धत मोडली, चुकलो. त्या म्हणाल्या, "नाही, नाही. म्हणत जावं." आणि अशा हसल्या की क्षणभर बकुळेची आठवण झाली.

रोज तिसऱ्या प्रहरी त्या कोठीच्या उंबऱ्याशी ताटलीत भाकरीचा तुकडा आणि तांब्यात पाणी घेऊन उभ्या असतात. मी समजत होतो कावळ्यासाठी. आज विचारलं. म्हणाल्या, लांबून येणाऱ्या माणसावरून तुकडा ओवाळून टाकावा, डोळ्यांना पाणी लावावं, मगच त्याला आत घ्यावं. नाही तर वाटेतलं काहीबाही त्याच्याबरोबर घरात शिरतं. खरं आहे, माझी आईही असंच करते. पण इथे येतंय कोण?

१७ जानेवारी, गुरुवार

मन थाऱ्यावर नाही. जे पाहिलं ते तसंच लिहून ठेवतो.

तिसऱ्या प्रहरी इंजिन तापतं. उन्हानं नव्हे. पत्रा गार असताना आत इंजिनाचा ठोकळा हात भाजेल इतका गरम लागतो. रेडिएटरचं झाकण उघडलं तर वाफ आली, मोटार लांबचा प्रवास करून आल्यासारखी. मी तर तिच्यात अजून पेट्रोल घातलेलं नाही.

चाकं अधांतरी आहेत. तरी टायरच्या खाचांत ओला चिखल आहे आणि त्यात कुसळं रुतली आहेत. फत्तेसिंगला दाखवली. तो पागोटं सावरून बाहेर गेला. आज ओट्यावर झोपला नाही.

आणखी एक. मी पान खात नाही. आज जेवल्यावर हात आपोआप पानाच्या डब्याकडे गेला आणि मी विडा लावला. चुना, कात, लवंग, सगळं बेतशीर. कुणी शिकवलं मला?

निघताना सवयीनं 'येतो' म्हटलं. म्हणून झाल्यावर वाटलं, आतून कुणीतरी "ये" म्हणालं.

२० जानेवारी, रविवार

पेट्रोल घातलं. हँडल अर्धं फिरवलं तोच इंजिन चालू. असं गोड चालणारं इंजिन मी हाताखालून घातलेलं नाही. काम झालं म्हणायचं. बळवंतराव आले की चालू करून दाखवायचं आणि घर गाठायचं.

बंद केलं. बंद होईना. पेट्रोलची नळी काढली, ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोची तार काढली, तरी चालतच राहिलं. मग त्याला वाटलं तेव्हा थांबलं.

रस्त्यानं मतं मागणारी जीप भोंगा वाजवत गेली. मी ओट्यावर बसलो होतो आणि मनात नालछ्याचा रस्ता दिसत होता. वळण, मोडकी घुमटी, बाभळी, पुढे उतार. एकेक दगड ओळखीचा. मी त्या रस्त्यानं कधी गेलेलो नाही.

जेवायला गेलो. जानकीबाई नेहमी गड्याला पान वाढायला सांगतात. आज स्वतः आल्या, पदर सावरून खाली बघत म्हणाल्या, "इकडून हात धुणं व्हावं. पान वाढलं आहे."

इकडून! माझी आजी आजोबांशी अशी बोलायची. इकडून येणं झालं, इकडून निजणं व्हावं. त्या काळातली बाई असं नवऱ्याशी बोलते. फक्त नवऱ्याशी. बकुळा मला कधी थट्टेनं तसं म्हणायची, तेव्हा आम्ही पोट धरून हसायचो.

पान तसंच टाकून उठलो. पाचावर धारण बसली म्हणजे काय होतं ते आज कळलं.

२१ जानेवारी, सोमवार

फत्तेसिंगला धरलं. ओट्यावर बसवलं. मग म्हणाला, "थाने कोई ने बतायो नी? आप मराठी लोग, मने सोच्यो के आप जाणता होगा. आपकी बोली को मामलो हे, भिया."

त्यानं सांगितलं ते असं. धाकटे सरकार 'येतो' म्हणून गेले. शब्द दिला आहे, येणं भाग आहे, पण यायला पाय नाहीत. तांबडीपुढे उभं राहून जो 'येतो' म्हणतो, तो आपले पाय त्यांना देतो. हिंदी बोलणारा 'चलूं' म्हणतो, त्याला काही होत नाही. याआधी इंदूरचा एक मराठी मिस्त्री आला होता. रोज 'येतो' म्हणून जायचा. एका दुपारी त्याच्या पायांनी दुसरंच कुणी आलं. फत्तेसिंगनं चाल ओळखली. पण तुकडा ओवाळलेला नव्हता. उंबऱ्यावर कोसळला तो उठलाच नाही. त्या दिवसापासून जानकीबाई ताटली घेऊन उभ्या राहतात.

उपाय विचारला. म्हणाला, 'जातो' म्हणायचं. तिसऱ्या प्रहरी, तांबडीपुढे, मोठ्यानं. पहिल्या दिवशी म्हटलं असतंत तर ते जिथल्या तिथे थांबले असते. "अब बोलोगा तो कुण जावेगो, मने नी मालूम." म्हणजे आता म्हटलं तर ते जातील की मी, हे त्यालाही ठाऊक नाही.

तिसऱ्या प्रहरी गेलो. तोंड उघडलं. 'जा' एवढंच आलं. डोळ्यांपुढे बकुळेचं पोट आलं आणि तोंड मिटून मागे फिरलो. पोटुशीच्या नवऱ्यानं कसं म्हणायचं ते?

२२ जानेवारी, मंगळवार

काम गेलं खड्ड्यात. सामान उचललं, मोटारखान्याकडे न बघता बसच्या अड्ड्यावर गेलो. बसमध्ये बसलो. खिडकीशी. शेजारी कुक्षीचा एक व्यापारी, मांडीवर मिरच्यांचं पोतं. डोळे चुरचुरले म्हणून मिटले.

उघडले तर हातात हँडल. समोर तांबडी. कपड्यांना अजून मिरचीचा वास.

उंबऱ्यात ताटली घेऊन ती उभी. माझ्याकडे बघत. तिचा हात थरथरत होता.

मी ओरडलो, मी तो नव्हे! मला बायको आहे! ती म्हणाली, ठाऊक आहे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, मला चार दिवसांनी कुंकू पुसायला लावणार आहेत. तुमच्या बायकोनं काही दिवसच वाट पाहिली आहे.

२४ जानेवारी, गुरुवार

बायकोचं नाव सकाळी आठवेना. वही उघडून वाचलं. बकुळा. बकुळा. बकुळा.

तळव्यांत काटे मोडलेत. चपला कोरड्या. पाय मात्र चिखलानं भरलेले. कुठून चालत आलो—

आज आरशात मिशीला पीळ देत होतो. मला मिशी नाही.

२५ जानेवारी

दिवसा तरी मी मी असायचो.

जानकीनं— जानकीबाईंनी विचारलं, उद्या इकडून येणं होईल ना. आम्ही हो म्हणालो.

आम्ही नाही. मी. मी. माधव. पुणे. बकुळा. मुलीचं नाव धुळीत लिहिलं होतं, पुसलं. काय होतं ते—

२६ जानेवारी, अवस

सकाळी शाळेच्या पोरांची प्रभातफेरी गेली. झेंडे. बळवंतराव पुतळा आणि गुरुजी घेऊन आज येणार.

आता तिसरा प्रहर. वही बॉनेटवर ठेवून लिहितो आहे. बॉनेट गरम. हँडल लावलेलं नाही. पेट्रोल नाही. इंजिन चालू.

म्हणायचंच. कोण जाईल ते जावो. बकुळे, शब्द अशुभ आहे, मला माफ कर. तुझ्याकडे यायचं म्हणूनच—

जा

जा—

म्हटलं! पुरतं म्हटलं. मोठ्यानं. जातो.

इंजिन बंद झालं.

सुटलो. किती शांत. हात हलका झाला, पाय हलके झाले, सगळं इतकं हलकं की— पेन कुणी धरलं आहे? मी तर धरलेलं

ही कुणाची वही तांबडीवर पडली आहे? अक्षर बरं आहे. कोणी माधव म्हणून होता, तो जातो म्हणाला आणि गेला. पुण्यास त्याची बायको वाट पाहते आहे. पोटुशी आहे. तिला येतो म्हणून सांगून निघाला होता. बिचारी.

फार चालणं झालं आम्हांस. वही हाती घेऊनच निघालो आहोत. उंबऱ्यात जानकी उभी आहे. तुकडा ओवाळते आहे. या खेपेस तिचा हात थरथरला नाही. पाणी डोळ्यांना लागलं. किती गार.

फाटकातून दादांचा टांगा येतो आहे. मांडीवर दर्भाचा पुतळा. दादा, तो कशाला आणलात? येतो म्हणालो होतो ना. उजवा पाय आत ठेवतो आहोत. जानकी, आम्ही आ—